टेक्सासची घरपट्टी: कोणत्या दारावर, कधी आणि काय घेऊन जायचं

एप्रिलमध्ये टपालपेटीत अप्रेझल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या स्थानिक कार्यालयाचं, पाकीट येतं. आतल्या कागदावर ठळक छापलेलं असतं की हे बिल नाही. ते वाचून माणूस निर्धास्त होतो आणि कागद फ्रिजच्या चुंबकाखाली जातो. खरं बिल ऑक्टोबरनंतर येतं. तेव्हा डोळे पांढरे होतात, फोनाफोनी सुरू होते आणि उत्तर मिळतं: मुदत मे महिन्यातच संपली.

टेक्सासात पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, आणि राज्याने स्वतः घरपट्टी लावायला राज्यघटनेची बंदी आहे. त्यामुळे शाळा, काउंटी, शहर, कम्युनिटी कॉलेज, हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट आणि नव्या उपनगरात पाणी-सांडपाण्याची सोय करणारा ‘मड’ (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) या साऱ्यांच्या खर्चाचा मोठा वाटा घरांवरच येतो. बिलाचं गणित तिसरीतल्या मुलालाही जमेल: घराच्या किमतीतून सूट वजा करायची आणि उरलेल्याला दराने गुणायचं. गुंता पुढे आहे, कारण हे तीन आकडे तीन वेगळ्या लोकांच्या हातात असतात. किंमत अप्रेझल डिस्ट्रिक्ट ठरवतं. सूट मुख्यतः ऑस्टिनमधलं विधिमंडळ आणि मतदार ठरवतात. दर ठरवतात स्कूल बोर्ड, सिटी कौन्सिल आणि काउंटीचं मंडळ, म्हणजे कमिशनर्स कोर्ट. प्रत्येकाचा हंगाम निराळा. बहुतेक प्रोटेस्ट, म्हणजे लावलेल्या किमतीवरच्या हरकती, फसतात ते किमतीच्या दारावर जाऊन दराचं गाऱ्हाणं गायल्यामुळे.

आधी होमस्टेड

स्वतः राहता त्या घरावर होमस्टेड एक्झम्प्शन, म्हणजे राहत्या घराची करसूट, घेतलेलं नसेल तर बाकी सगळं नंतर. फॉर्म ५०-११४, तुमच्या काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, पूर्ण मोफत. ‘होमस्टेड नोंदणी शुल्क’ म्हणून सरकारी दिसणारी पत्रं पाठवून पैसे मागणारे असतात. ते पत्र थेट केराच्या टोपलीत टाकावं. सोबत टेक्सासच्या ड्रायव्हिंग लायसन्सची किंवा स्टेट आयडीची प्रत लागते आणि तिच्यावरचा पत्ता त्याच घराचा हवा. अर्ज परत येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच: घर घेतलं फ्रिस्कोत, लायसन्सवर अजून आयर्विंगचं जुनं अपार्टमेंट. आधी पत्ता बदला, मग अर्ज करा. नागरिकत्वाची अट नाही. एच-वन-बीवर असलेल्या घरमालकालाही ही सूट मिळते.

मुदत ३० एप्रिलची. २०२२ पासून घर घेतलेल्या वर्षातच अर्ज करता येतो, पुढच्या १ जानेवारीची वाट बघायला नको. उशीर झाला असेल तरी हात झटकू नका: ज्या वर्षाचा कर राहून गेला, त्याची थकबाकीची तारीख (सहसा १ फेब्रुवारी) उलटल्यापासून दोन वर्षांपर्यंत उशिराचा अर्ज चालतो आणि जादा भरलेले पैसे परत मिळतात.

शाळेच्या करातली ही सूट २०१५ मध्ये २५,००० डॉलर झाली, मे २०२२ च्या मतदानात ४०,०००, नोव्हेंबर २०२३ मध्ये १,००,००० आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १,४०,०००. शेवटची वाढ २०२५ च्या करालाच लागू झाली. ही रक्कम घटनेत लिहिलेली असल्यामुळे बदलायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं आणि मग जनतेचा कौल लागतो. विधिमंडळ विषम वर्षांत जानेवारीपासून १४० दिवस भरतं, म्हणून असे बदल बहुधा विषम वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मतपत्रिकेवर येतात. काउंटी आणि शहरं याशिवाय स्वतःहून किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतात. काही पूर्ण २० देतात, काही काहीच देत नाहीत.

६५ वर्षं पुरी झालेल्या मालकाला शाळेच्या करात आणखी ६०,००० डॉलरची सूट मिळते आणि शाळेचा कर त्या पातळीला गोठतो. घरात नवं बांधकाम केलं तरच वाढतो. आपल्याकडे इथे एक गैरसमज हमखास होतो. आई-वडील मुलाकडे राहायला आले म्हणून ही सूट मिळत नाही. ६५ वर्षांची व्यक्ती घराची मालक असावी लागते, म्हणजे डीडवर (खरेदीखतावर) नाव हवं. नवरा-बायकोची दोन घरं असली तरी होमस्टेड एकाच घरावर.

वर्ष-दीड वर्षासाठी पुण्याला किंवा बंगळूरला बदली झाली तर होमस्टेड लगेच जात नाही. परत येण्याचा इरादा असेल, दुसरीकडे कायमचं घर केलं नसेल आणि गैरहजेरी दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर सूट टिकते. मात्र घर भाड्याने दिलं तर प्रश्न विचारले जातील, त्याची तयारी ठेवा. शिवाय २०२३ च्या कायद्यानुसार प्रत्येक होमस्टेडची निदान पाच वर्षांतून एकदा फेरतपासणी होते. त्यासाठी येणारं पत्र साधं दिसतं, पण उत्तर दिलं नाही तर सूट काढली जाते. परदेशी असताना टपाल कुणीतरी उघडून बघायला हवं ते यासाठीच.

नोटीस वाचताना दोन आकडे वेगळे ठेवा

नोटिशीवर ‘मार्केट व्हॅल्यू’ आणि ‘अप्रेझ्ड व्हॅल्यू’ असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे १ जानेवारीला घर विकलं असतं तर काय आलं असतं याचा अंदाज. दुसरा म्हणजे ज्याच्यावर कर लागतो तो, सूट वजा करण्याआधीचा. होमस्टेड असलेल्या घराचा दुसरा आकडा वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. यालाच सगळे कॅप म्हणतात.

गेल्या वर्षीची अप्रेझ्ड व्हॅल्यू ४,२०,००० असेल तर यंदा कमाल ४,६२,०००. मार्केट व्हॅल्यू ५,२०,००० लागली असली तरी कर ४,६२,००० वरच. आता तुम्ही प्रोटेस्ट करून मार्केट व्हॅल्यू ४,८५,००० वर आणलीत, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि बिलात फरक पडला शून्य. पैसे वाचायला आकडा ४,६२,००० च्या खाली यायला हवा. म्हणून पहिलं काम म्हणजे दोन आकड्यांतलं अंतर बघणं. ते मोठं असेल आणि तुमचा पुरावा ते ओलांडण्याइतका दणकट नसेल, तर यंदा शनिवार-रविवार घालवू नका.

याच्या उलट परिस्थिती नव्या मालकाची. विकणाऱ्याचा कॅप विक्रीबरोबर संपतो आणि पुढच्या १ जानेवारीला किंमत थेट बाजारभावावर चढते. विकणारा ६५ पार असेल तर त्याचा गोठलेला शाळेचा करही गेला. म्हणून विकणाऱ्याचं जुनं बिल बघून स्वतःच्या हप्त्याचा अंदाज बांधणं धोक्याचं. नव्या बांधकामात तर पहिल्या वर्षीचा कर कधीकधी नुसत्या जमिनीवर किंवा १ जानेवारीला जितकं उभं होतं तितक्यावरच असतो. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचा कर येतो, बँकेच्या एस्क्रोत (हप्त्यातून करासाठी बाजूला ठेवलेल्या खात्यात) तूट पडते आणि मासिक हप्ता एकदम फुगतो. तेव्हा बँकेशी भांडण्यात अर्थ नसतो. पहिल्या पूर्ण वर्षाचा प्रोटेस्ट मात्र जीव ओतून करावा, कारण त्या वर्षी ठरलेला आकडा पुढच्या सगळ्या १० टक्क्यांचा पाया होतो.

भाड्याने दिलेल्या घराला होमस्टेडचा कॅप नाही. सुमारे ५० लाख डॉलरपर्यंतच्या अशा मालमत्तांना २०२४ ते २०२६ या तीन वर्षांसाठी २० टक्क्यांची तात्पुरती मर्यादा दिली गेली.

प्रोटेस्ट दाखल करणं

मुदत १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतर येईल ती. फॉर्म ५०-१३२ आहे, पण मोठ्या काउंट्यांत नोटिशीवरचा खाते क्रमांक आणि पिन टाकून ऑनलाइन दहा मिनिटांत काम होतं. कागदाने पाठवणार असाल तर टपालाच्या शिक्क्याची पावती जपून ठेवा.

फॉर्मवर कारणांच्या चौकटी असतात. दोन चौकटींवर खूण हवीच: एक, किंमत बाजारभावापेक्षा जास्त आहे, दोन, तुलनेच्या इतर घरांपेक्षा माझ्या घराची किंमत असमान लावली आहे. एकच खूण केलीत तर सुनावणीत दुसरा मुद्दा मांडता येत नाही, आणि बऱ्याचदा दुसराच मुद्दा जास्त चालतो. ‘तुमच्या मते किंमत किती’ हा रकाना सक्तीचा नसतो. पुरावा हातात येईपर्यंत तो रिकामा सोडलेला बरा.

प्रोटेस्ट केल्यामुळे किंमत वाढेल ही भीती निराधार आहे. प्रोटेस्टची सुनावणी घेणाऱ्या मंडळाला नोंदीतल्या मूळ आकड्याच्या वर जाता येत नाही.

दाखल करतानाच, किंवा लगेच नंतर, लेखी मागणी करा की डिस्ट्रिक्ट सुनावणीत जे काही वापरणार आहे ते सगळं मला द्या: तुलनेची घरं, तक्ते, सूत्रं. सुनावणीच्या निदान १४ दिवस आधी ते मिळायला हवं, आणि मागूनही जे दिलं नाही ते त्यांना सुनावणीत वापरता येत नाही. हे पाकीट म्हणजे समोरच्याचे पत्ते आधीच बघायला मिळणं. मागत नाही त्याला मिळत नाही.

पुरावा: खरं काम इथे आहे

पहिल्यांदा डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर स्वतःच्या घराची नोंद उघडा आणि ओळ न् ओळ तपासा. क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, दर्जाचा वर्ग, बाथरूम, पोहण्याचा तलाव, डेक. माप घराच्या बाहेरून घेतात. त्यामुळे दुमजली घरात हॉलवरचं छत वरपर्यंत मोकळं असेल तर ती पोकळी वरच्या मजल्याचं राहतं क्षेत्रफळ म्हणून मोजली गेल्याची उदाहरणं भरपूर. १२ बाय १५ ची पोकळी म्हणजे १८० चौरस फूट हवेवर कर. बिल्डरचा फ्लोअर प्लॅन किंवा बँकेसाठी झालेल्या अप्रेझलमधला आराखडा समोर ठेवला की अशी चूक वाद न होता दुरुस्त होते. काढून टाकलेला जुना तलाव किंवा शेजाऱ्याची तुमच्या नावावर चढलेली शेड हेही सापडतं.

दुसरी गोष्ट घराची अवस्था. डॅलस आणि ह्यूस्टन भागातली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया हलतो, भिंतीत जिन्यासारखे तडे जातात, दारं अडकतात. डिस्ट्रिक्ट तुमचं घर शेजारच्यासारखंच चांगल्या अवस्थेत धरतं, कारण आत कुणी आलेलंच नसतं. इथे फोटो कामाचे, पण नुसत्या फोटोंना फार भाव नाही. सोबत ठेकेदाराचं किंवा इंजिनिअरचं लेखी एस्टिमेट हवं: किती पिअर्स (पायाखालचे आधाराचे खांब), किती खर्च, कंपनीच्या लेटरहेडवर, तारखेसह. गारांनी खराब झालेलं छप्पर, गंजलेली जुनी पाइपलाइन यांचंही तसंच. एस्टिमेटमधली नूतनीकरणाची हौस वगळा. ग्रॅनाइटचा ओटा नाही ही नादुरुस्ती नव्हे.

तारखेचं भान ठेवा. किंमत १ जानेवारीची असते, म्हणून दोष त्या दिवशी अस्तित्वात असायला हवा. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फाच्या वादळात लाखो घरं गारठली, असंख्य ठिकाणी पाइप फुटून छतं कोसळली. पण २०२१ च्या किमतीच्या प्रोटेस्टमध्ये ते नुकसान बसत नव्हतं, कारण १ जानेवारीला घर धड होतं. अशा वेळी वेगळी वाट आहे: गव्हर्नरने आपत्ती जाहीर केल्यावर १०५ दिवसांत तात्पुरत्या आपत्ती-सवलतीचा अर्ज करता येतो, नुकसान निदान १५ टक्के असेल तर.

आता विक्रीचे दाखले, म्हणजे ‘कम्प्स’. टेक्सासात घराची विक्री-किंमत सार्वजनिक नोंदीत जात नाही आणि ती जाहीर करायची सक्तीही नाही. झिलोसारख्या घरांच्या संकेतस्थळावर दिसतो तो अंदाज. मंडळापुढे त्याला किंमत नाही. खरे आकडे एमएलएसमध्ये, म्हणजे रिअल्टर लोकांच्या आपसातल्या विक्री-नोंदींत, असतात. ज्याच्यामार्फत घर घेतलं त्याला मार्चमध्येच विचारून ठेवा. मेमध्ये त्याच्याकडे रांग लागते. त्याच सबडिव्हिजनमधल्या, क्षेत्रफळात १०-१५ टक्क्यांच्या आतल्या, साधारण त्याच वयाच्या तीन ते पाच विक्री पुरतात. गेल्या वर्षाच्या उत्तरार्धातल्या सर्वांत चांगल्या. दोन वर्षांहून जुन्या बाजूला ठेवा. गेल्या वर्षभरात तुम्हीच घर घेतलं असेल आणि भाव नोटिशीपेक्षा कमी असेल तर क्लोजिंगचा कागद एकटाच पुरतो. भाव जास्त असेल तर तो कागद घरीच राहू द्या.

असमानतेच्या मुद्द्याला मात्र विक्रीची गरजच नाही, आणि म्हणून एकट्या घरमालकासाठी हे सर्वांत सोपं हत्यार आहे. डिस्ट्रिक्टने तुमच्यासारख्या घरांना काय किंमत लावली ते संकेतस्थळावर उघड असतं. कायदा म्हणतो: वाजवी संख्येने तुलनेची घरं घ्या, फरकांसाठी त्यांचे आकडे दुरुस्त करा आणि मधला आकडा काढा. तुमची किंमत त्याहून जास्त असेल तर ती कमी व्हायला हवी.

समजा तुमचं घर २,४०० चौरस फुटांचं, मार्केट व्हॅल्यू ४,६८,०००. त्याच नेबरहूड कोडमधलं (डिस्ट्रिक्टने आखलेल्या वस्तीच्या गटातलं) एक घर ४,६१,००० ला आहे. त्याला तलाव आहे, ज्याचे डिस्ट्रिक्टने २२,००० धरलेत, आणि ते तुमच्यापेक्षा १०० चौरस फुटांनी लहान आहे. तलाव तुम्हाला नाही, म्हणून २२,००० वजा; जास्तीच्या फुटांना डिस्ट्रिक्टच्या तक्त्यात ७० डॉलर असतील तर ७,००० अधिक. दुरुस्त आकडा ४,४६,०००. अशी पाच घरं करून ४,३१,०००, ४,३९,०००, ४,४६,०००, ४,५२,००० आणि ४,७१,००० आले, तर मधला ४,४६,०००. तेवढीच तुमची मागणी. सगळं एका पानाच्या तक्त्यात बसवा.

यात तीन चुका नेहमी होतात. एक: फक्त स्वस्त घरं वेचणं. अप्रेझर त्याच गल्लीतली महाग पाच काढतो आणि तक्ता कोसळतो; म्हणून एखादं तुमच्या मुद्द्याविरुद्ध जाणारं घरही ठेवा. दोन: दुरुस्ती न करता नुसता चौरस फुटाचा भाव सांगणं. लहान घराचा फुटाचा भाव नेहमीच जास्त असतो, त्यामुळे ही तुलना उलटू शकते. तीन, सर्वांत जास्त दिसणारी: शेजाऱ्याची कॅप लागलेली अप्रेझ्ड व्हॅल्यू दाखवून ‘त्याला एवढीच का?’ असं विचारणं. तो तिथे वीस वर्षं राहतोय, त्याचं कॅपने धरून ठेवलंय. तुलना मार्केट व्हॅल्यूशी मार्केट व्हॅल्यूचीच.

आधी टेबलावर, मग मंडळापुढे

बहुतेक प्रकरणं सुनावणीआधीच अप्रेझरशी बोलून किंवा ऑनलाइन प्रस्तावावर मिटतात. समोरचा माणूस दिवसाला डझनावारी घरं बघतो, त्यामुळे आवाज चढवून काही हाती लागत नाही. एक पान, एक आकडा आणि दोन मुद्दे लागतात. ऑनलाइन प्रस्ताव स्वीकारला की प्रोटेस्ट त्या वर्षापुरता संपला, पुढे अपील नाही. म्हणून बटण दाबण्याआधी त्या आकड्याने बिलात किती फरक पडतो ते मोजा. होमस्टेडच्या घरावर शाळेचा दर १०० डॉलरला १ डॉलर, काउंटीचा ०.२०, शहराचा ०.४५, कॉलेजचा ०.१० आणि काउंटी-शहराची २० टक्के सूट असं धरलं, तर किंमत २५,००० ने उतरल्यावर वाचतात सुमारे ४०५ डॉलर. यावर अडून बसायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण २,००० ची सवलत दाखवणारा पहिलाच प्रस्ताव घाईने घेऊ नये.

प्रस्ताव पटला नाही तर अप्रेझल रिव्ह्यू बोर्ड, म्हणजे एआरबी. साधारण तीन जणांचं पॅनेल, पंधराएक मिनिटं. हे डिस्ट्रिक्टचे नोकर नसतात, गावातलेच लोक असतात, बरेचसे निवृत्त. सुनावणीआधी यांच्याशी प्रकरणाबद्दल बोलणं कायद्याने निषिद्ध आहे, त्यामुळे मंडळातल्या ओळखीच्या काकांना फोन लावू नका. अडचण त्यांचीच होईल. प्रत्यक्ष, फोनवरून, व्हिडिओवरून किंवा नुसत्या लेखी अॅफिडेव्हिटवर सुनावणी मागता येते. फोन किंवा व्हिडिओ निवडला तर किमान १० दिवस आधी कळवायचं आणि पुरावा अॅफिडेव्हिटसह आधी पाठवायचा. तो राहिला तर तुम्ही बोलता, पण तुमचे कागद त्यांच्यापुढे नसतात.

प्रत्यक्ष जाणार असाल तर निदान पाच प्रती: तीन पॅनेलला, एक अप्रेझरला, एक स्वतःला. मोबाइलवर फोटो दाखवण्याचा बेत आखू नका. जे नोंदीत ठेवता येत नाही ते पुरावा नव्हे. शपथ होते, दोघांना बोलायला मिळतं, पॅनेल तुमच्यासमोर विचार करून आकडा सांगतं. पहिल्याच वाक्यात तुमचा आकडा सांगा आणि तो कशावरून आला ते. मग नोंदीतली चूक, मग अवस्था, मग तक्ता. सिद्ध करण्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर आहे, तुमच्यावर नाही. गेल्या वर्षी तुमची किंमत प्रोटेस्टमध्ये उतरली असेल आणि यंदा परत चढवली असेल तर त्यांच्यावरचा भार आणखी जड होतो. तो मुद्दा विसरू नका. ‘कर परवडत नाही’, ‘एका वर्षात एवढी वाढ कशी’, ‘शाळा पैसे उधळतात’ ही वाक्यं कितीही खरी असली तरी पॅनेलला त्यावर निर्णय द्यायचा अधिकारच नाही. तीन मिनिटं त्यात गेली की तक्त्याला वेळ उरत नाही.

तारीख जमत नसेल तर एकदा कारण न देता पुढे ढकलता येते. चुकलीच, तर चार दिवसांत लेखी सबळ कारण दिल्यास नवी तारीख मिळू शकते. नुसतं गैरहजर राहिलात तर अपिलाचा हक्कही जातो.

निकालाचा लेखी आदेश आल्यापासून ६० दिवसांत जिल्हा न्यायालय किंवा बंधनकारक लवाद. घरमालकाला लवाद परवडतो: होमस्टेडची किंमत ५,००,००० पर्यंत असेल तर अनामत ४५० डॉलर, त्यावर ५००. लवादाचा आकडा मंडळापेक्षा तुमच्या आकड्याच्या जवळ आला तर ५० डॉलर कापून अनामत परत मिळते. म्हणजे इथे अवास्तव कमी आकडा मागणं अंगाशी येतं. मे महिन्याची मुदत हुकली असेल तरी एक फट उरते: होमस्टेडची किंमत खऱ्या किमतीपेक्षा एक-चतुर्थांशाहून जास्त चढवलेली असेल तर थकबाकीची तारीख येण्याआधी दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

हे सगळं एजंटवर सोपवता येतं. तो वाचलेल्या कराचा ठरावीक हिस्सा घेतो. करारात हिस्सा किती आणि करार दरवर्षी आपोआप चालू राहतो का, हे आधी वाचा. कॅपमुळे प्रत्यक्षात काहीच न वाचताही मार्केट व्हॅल्यूतल्या घटीवर फी लावणारे करार असतात.

दराचं दार ऑगस्टमध्ये उघडतं

जुलैअखेर किमतींची यादी प्रमाणित होते आणि मग दर ठरतात. तुमच्या पत्त्यावरचे सगळे प्रस्तावित दर आणि सुनावणीच्या तारखा काउंटीच्या ‘ट्रुथ इन टॅक्सेशन’ संकेतस्थळावर ऑगस्टमध्ये दिसतात. तिथे ‘नो-न्यू-रेव्हेन्यू’ दर शोधा, म्हणजे जुन्याच मालमत्तांवर गेल्या वर्षीइतकीच रक्कम गोळा करणारा दर. ‘आम्ही दर कमी केला’ अशी जाहिरात शहर करतं तेव्हा तुलना याच्याशी करायची. किमती चढलेल्या असताना दर थोडा उतरवूनही तिजोरी फुगते. या दराच्या वर जायचं तर ठराव मांडणाऱ्याला कायद्याने ठरलेल्या शब्दांत हा कर वाढवणारा दर आहे असं म्हणावं लागतं, आणि काउंटी-शहरात ६० टक्के सदस्यांची मतं लागतात. २०१९ च्या कायद्यापासून मोठी शहरं आणि काउंट्या देखभाल-खर्चाचं उत्पन्न ३.५ टक्क्यांहून जास्त वाढवणार असतील तर नोव्हेंबरमध्ये मतदारांना विचारणं भाग आहे. त्याआधी ही मर्यादा ८ टक्के होती.

काउंटीचा दर कमिशनर्स कोर्ट ठरवतं. नावात कोर्ट आणि प्रमुखाला ‘काउंटी जज’ म्हणत असले तरी हे चार कमिशनर आणि एक अध्यक्ष असं प्रशासकीय मंडळ आहे. कर लावायला पाचातले चार जण हजर लागतात. २०२२ मध्ये हॅरिस काउंटीत दोघा कमिशनरांनी बैठकीलाच न येऊन गणपूर्ती मोडली आणि काउंटीला कमी दरावर समाधान मानावं लागलं.

बोलायचं असेल तर विषयपत्रिका बैठकीच्या तीन कामकाजाच्या दिवस आधी लागते (सप्टेंबर २०२५ पर्यंत ७२ तास होते). तिच्यातला दराचा क्रमांक टिपा, बैठक सुरू होण्याआधी वक्त्यांच्या यादीत नाव द्या. बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं मिळतात. इथे मात्र परवडत नाही, खर्च कुठे कापता येईल, वीस टक्क्यांची स्थानिक सूट का देत नाही, हे सगळं बोलायचं. बोलायला नागरिकत्व लागत नाही. मत द्यायला लागतं. ज्यांना मत आहे त्यांच्यासाठी आणखी एक जागा: ७५,००० हून जास्त वस्तीच्या काउंट्यांत अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या संचालक मंडळावर तीन सदस्य थेट निवडून येतात. पहिली निवडणूक ४ मे २०२४ ला झाली, पुढच्या सम वर्षांच्या नोव्हेंबरमध्ये. मतपत्रिकेच्या अगदी तळाशी पक्षचिन्हाशिवाय ही नावं असतात, आणि एआरबीचे सदस्य आता अशा काउंट्यांत हेच मंडळ नेमतं.

बिल आल्यावर

३१ जानेवारीपर्यंत पूर्ण रक्कम. १ फेब्रुवारीला ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज, १ जुलैपर्यंत दोन्ही मिळून १८ टक्के, आणि त्यावर वकिलाच्या वसुली-खर्चाचे २० टक्क्यांपर्यंत. बिल मिळालंच नाही हे कारण चालत नाही. एस्क्रो असला तरी जबाबदारी मालकाचीच, म्हणून जानेवारीच्या मध्यावर काउंटीच्या संकेतस्थळावर खातं उघडून बँकेने पैसे भरलेत का ते बघा, विशेषतः त्या वर्षी कर्ज एका बँकेतून दुसरीकडे गेलं असेल तर. ६५ पार मालकांना चार हप्त्यांत भरता येतं. लवाद किंवा दावा चालू असला तरी ज्या रकमेबद्दल वाद नाही ती वेळेत भरावी लागते, नाहीतर दावाच बाद होतो.